घोरपडीचे तीन फासे

"नमस्कार ताई,
आम्ही पाच जण नाशिकला दर रविवारी डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा पात्रं घेऊन, फासे टाकून गोष्ट रंगवायचा खेळ खेळतो. २०१४ची पाचवी आवृत्ती, सोबत ताशाचं जादा नियमांचं पुस्तक. माझं पात्र घोरपड, रोग (Rogue, लपूनछपून लढणारा) क्लास, त्यातला जादू येणारा आर्केन ट्रिकस्टर, आता पाचवी लेव्हल. गेल्या रविवारी मी बूमिंग ब्लेड हा स्पेल (जादू) टाकून रेपियरने, म्हणजे बारीक तलवारीने, वार केला. लागला. आमचा पॅलाडिन, म्हणजे धर्मयोद्धा, शेजारीच उभा होता, म्हणून मी स्नीक अटॅकचे, म्हणजे माझ्या क्लासच्या जादा इजेचे, तीन फासे उचलले, तर डीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, थांबवलं. म्हणाला, तू या टर्नला स्पेल टाकलास, अटॅक केलाच नाहीस, आणि स्नीक अटॅक हा अटॅकलाच मिळतो. आधी दोन महिने मी फायर बोल्टवर, म्हणजे आगीच्या स्पेलवर, स्नीक अटॅक लावत होतो तेव्हा कुणीच काही बोललं नाही! पॅलाडिनने पुढच्याच टर्नला वारावर स्माइट, म्हणजे त्याची दैवी जादा इजा, लावला, तो मात्र चालला. मग क्लासची ताकद आणि जादू एकत्र करायचीच नाही का? पाच लेव्हली फायटर क्लासच्या घेऊन एक्स्ट्रा अटॅक, म्हणजे जादा वार, आणि बूमिंग ब्लेड जोडावं असंही डोक्यात आहे. डीएम माझा मावसभाऊ आहे, मोठा. दादाशी वाद घालायचा नाही, पण मन खट्टू झालंय."

अरे, दादाचा निर्णय चुकला. तुझंही चुकलंय, पण बूमिंग ब्लेडच्या बाबतीत नाही, फायर बोल्टच्या. आधी तुझ्या बाजूचं सांगते, मग तुला न आवडणारं.

स्नीक अटॅकचा परिच्छेद पुन्हा काढ आणि भाड्याच्या घराचा करारनामा वाचतात तसा, एकेका अटीवर बोट ठेवून वाच. एका टर्नमध्ये एकदा. ज्याला तुझा हल्ला लागला त्याला जादा इजा. हल्ल्याला तुझ्याकडे अ‍ॅडव्हान्टेज (दोन फासे टाकून मोठा घ्यायची मुभा) हवा, किंवा लक्ष्याच्या पाच फुटांत त्याचा दुसरा कुणी शत्रू कृती करण्याच्या स्थितीत हवा आणि तुझ्यावर डिसअ‍ॅडव्हान्टेज (याच्या उलट, लहान फासा घ्यायची सक्ती) नको. शेवटची अट, हल्ला फिनेस (चपळाईने चालवायच्या) किंवा लांब पल्ल्याच्या शस्त्राने झालेला हवा. संपलं. 'अटॅक अ‍ॅक्शन घेतली असेल तरच' असं त्यात कुठेही नाही.

दादाची गल्लत इथेच झाली, आणि ती अगदी समजण्यासारखी आहे. खेळात 'अटॅक' हा शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी येतो. एक, टर्नमध्ये तू निवडतोस ती अटॅक अ‍ॅक्शन. दुसरा, विसाचा, म्हणजे वीस बाजूंचा, फासा टाकून समोरच्याच्या आर्मर क्लासशी, म्हणजे बचावाच्या आकड्याशी, ताडून बघायचा तो प्रत्यक्ष हल्ला. अटॅक अ‍ॅक्शन घेतलीस की हल्ला होतो, पण हल्ला व्हायला अटॅक अ‍ॅक्शनच लागते असं नाही. शत्रू पळताना रिअ‍ॅक्शनवर केलेला वार, म्हणजे संधीचा वार, हल्लाच असतो. आणि बूमिंग ब्लेडच्या मजकुरातच लिहिलंय की हातातल्या शस्त्राने पाच फुटांतल्या एकावर वार करायचा. म्हणजे अ‍ॅक्शन स्पेलची, पण त्या स्पेलच्या पोटात जो वार आहे तो रेपियरचा. रेपियर फिनेस शस्त्र आहे, पॅलाडिन शेजारी उभा होता, वार लागला. तिन्ही फासे तुझेच होते.

पॅलाडिनच्या स्माइटला दादाने का अडवलं नाही तेही बघ. २०१४च्या पुस्तकात डिव्हाइन स्माइट हा स्पेल नाहीच. जवळच्या शस्त्राचा वार लागला की पॅलाडिन एक स्लॉट, म्हणजे स्पेलच्या शिल्लकीतला एक वाटा, खर्चतो आणि पहिल्या लेव्हलच्या स्लॉटला आठाचे दोन फासे जादा टाकतो. वार लागला की नाही, क्रिटिकल (विसाच्या फाशावर वीस) आहे की नाही, हे बघून मग ठरवायचं. त्यामुळे त्याच्यावर अन्यायाचा राग काढू नकोस, त्याचा नियम खरोखरच वेगळा आहे. २०२४च्या नव्या पुस्तकात मात्र तोच स्माइट बोनस अ‍ॅक्शनचा, म्हणजे टर्नमधल्या छोट्या जादा कृतीचा, स्पेल झालाय, म्हणजे टर्नला एकदाच. तुमच्यातल्या कुणी नवं पुस्तक घेतलं असेल तर कुठला नियम चालवायचा ते आधीच ठरवून ठेवा. अर्धा नियम या पुस्तकातला आणि अर्धा त्या पुस्तकातला घेतला की अशीच भांडणं होतात.

मी स्वतः डीएम असताना हेच केलंय. आमच्या खेळात एकाने बार्बेरियन आणि पॅलाडिन अशी जोड घेतली होती. त्याने रेजमध्ये, म्हणजे बार्बेरियनच्या संतापाच्या आवेशात, असताना स्माइट लावला आणि मी तिथल्या तिथे नाही म्हटलं, कारण रेजमध्ये स्पेल टाकता येत नाही हे मला पाठ होतं. तो काही बोलला नाही, पण त्या संध्याकाळी नंतर त्याचा आवाजच फारसा ऐकू आला नाही. रात्री घरी पुस्तक उघडलं तेव्हा लक्षात आलं की रेजमध्ये बंदी आहे ती स्पेल टाकायला आणि चालू स्पेलवर कॉन्सन्ट्रेशन (लक्ष) धरायला, आणि स्माइट तर स्पेलच नव्हता. पुढच्या आठवड्यात खेळ सुरू करण्याआधी सगळ्यांसमोर सांगितलं की मी चुकले होते. तुझ्या दादालाही हे सांगायला अवघड जाणार नाही, फक्त त्याला ते स्वतः वाचू दे.

आता तुझं. फायर बोल्टवर स्नीक अटॅक लागत नाही. फायर बोल्टलाही विसाचा फासा टाकतात, पण तो स्पेल अटॅक आहे, त्यात शस्त्र नाही. स्नीक अटॅकची शेवटची अट शस्त्राची आहे. 'लांब पल्ल्याचा हल्ला' आणि 'लांब पल्ल्याच्या शस्त्राचा हल्ला' यातला फरक मराठीत एका शब्दाचा आहे, पण सगळा नियम त्या शब्दावर उभा आहे. तुझा समज अगदीच हवेतून आला असेल असं मला वाटत नाही. तिसऱ्या आवृत्तीच्या काळात किरणासारख्या स्पेलला स्नीक अटॅक जोडता यायचा, आणि तेव्हाचे आर्केन ट्रिकस्टर त्यावरच जगायचे. इंटरनेटवर त्या काळचे सल्ले अजून फिरतात. पण तुमची आवृत्ती वेगळी आहे.

आणि खरं सांगू का, फायर बोल्ट सोडून तुझं काहीच बिघडत नाही. पाचव्या लेव्हलला घोरपडीची डेक्स्टेरिटी (चपळाई) १८ आणि इंटेलिजन्स (बुद्धी) १४ धरते. धनुष्याला हल्ल्याचा बोनस अधिक ७, फायर बोल्टला अधिक ५. फायर बोल्ट लागला तर दहाचे दोन फासे, सरासरी ११. शॉर्टबो लागला तर सहाचा एक, डेक्स्टेरिटीचे ४, वर स्नीक अटॅकचे सहाचे तीन, सरासरी १८. बाण जास्त वेळा लागणार आणि लागल्यावर जास्त इजा करणार. फायर बोल्टचा पल्ला १२० फूट आहे आणि शॉर्टबोचा ८०, एवढंच त्याच्या बाजूने. दिवा पेटवायला, दोर जाळायला, गवताला आग लावायला ठेव की. घोरपडीच्या हातात ठिणगी असावी, पण तिच्यावर तिची लढाई चालू नये.

बूमिंग ब्लेडचा हिशेब जास्त गमतीचा आहे, तिथे थोडं थांबू. पाचव्या लेव्हलला रेपियरचा आठाचा एक फासा, अधिक ४, बूमिंग ब्लेडचा आठाचा एक, स्नीक अटॅकचे सहाचे तीन. सरासरी साडेतेवीस. क्रिटिकल पडला तर हे सगळे फासे दुप्पट, म्हणजे सरासरी ४३. ऐकायला भारी वाटतं. पण याची किंमत काय ते कुणी सांगत नाही. दोन हातांत दोन शॉर्टस्वोर्ड घेऊन बोनस अ‍ॅक्शनने दुसरा वार करायचा तर त्याला अटॅक अ‍ॅक्शन लागते. इथे खरोखर लागते, तसं स्पष्ट लिहिलंय. बूमिंग ब्लेड टाकलंस की तो दुसरा वार गेला. आणि तुझ्या क्लासला दुसरा वार त्याच्या स्वतःच्या इजेसाठी नको असतो, पहिला चुकला तर स्नीक अटॅक वाया जाऊ नये म्हणून हवा असतो.

विसात तेरा वेळा वार लागतो असं धर, म्हणजे ६५ टक्के. दोन तलवारींनी निदान एक वार लागायची शक्यता जवळजवळ ८८ टक्के होते. क्रिटिकल बाजूला ठेवून मांडलं तर दोन तलवारींची दर टर्नची सरासरी १६च्या थोडी वर येते आणि बूमिंग ब्लेडची १५च्या थोडी वर. म्हणजे शत्रू जागचा हललाच नाही तर स्पेल टाकून तू किंचित मागेच आहेस!

मग बूमिंग ब्लेड घ्यायचंच कशाला? त्याच्या दुसऱ्या वाक्यासाठी. वार लागल्यावर तुझ्या पुढच्या टर्नआधी लक्ष्य स्वतःहून पाच फूट किंवा जास्त हललं तर त्याला आणखी इजा होते, तुझ्या लेव्हलला आठाचे दोन फासे, सरासरी ९. आणि तुझ्याकडे कनिंग अ‍ॅक्शन, म्हणजे बोनस अ‍ॅक्शनने निसटायची सोय, आहे. दुसरा वार गेला खरा, पण बोनस अ‍ॅक्शन मोकळी राहिली. वार कर, बोनस अ‍ॅक्शनने डिसएंगेज कर, म्हणजे संधीचा वार न खाता निसट, तीस फूट मागे सर. आता तुझ्यापर्यंत यायचं तर त्याने चालायलाच हवं. चालला तर तुझी सरासरी २१ होते. नाही चालला तर तुझ्यावर जवळचा वार नाही. घोरपड चावून कपारीत शिरली, आता हात घालणाऱ्याने ठरवावं. क्लास आणि जादू एकत्र करणं म्हणतात ते मला इथे दिसतं, फाशांच्या ढिगाऱ्यात नाही.

यात दोन खाचा आहेत. लक्ष्य 'स्वतःहून' हलायला हवं. तुमच्यातल्या कुणी थंडरवेव्हने ढकललं, पॅलाडिनने धक्का मारला, तर जादा फासे नाहीत. आणि तू मागे सरलास की तुझ्याजागी मार खायला उरतो तो पॅलाडिन. शत्रूने हलायचंच नाही असं ठरवलं तर तो समोरच्या पॅलाडिनलाच झोडणार. ते त्याला चालणार आहे का हे आधी त्याला विचार. त्याचा आर्मर क्लास चांगला असेल तर तो हसत हो म्हणेल, पण विचार.

आणखी एक, ऐन वेळी फसवतं म्हणून सांगते. बूमिंग ब्लेडला मंत्र उच्चारावा लागत नाही, फक्त हाताची खूण आणि शस्त्र. म्हणून सायलेन्स या शांततेच्या स्पेलच्या गोलात ते टाकता येतं. पण त्या गोलात पूर्ण असणाऱ्याला थंडरची, म्हणजे बूमिंग ब्लेडच्या गडगडाटाची, इजा होतच नाही. तिथे दोन तलवारी काढ. शस्त्र निदान एका चांदीच्या नाण्याच्या किमतीचं हवं ही ताशाच्या पुस्तकातली अट आहे. रेपियर बरंच महाग असतं, तुला काळजी नाही.

एखाद्या टर्नला अ‍ॅडव्हान्टेज हवा असेल आणि शेजारी कुणी नसेल, तर ताशाच्या पुस्तकात स्टेडी एम, म्हणजे स्थिर नेम, आहे. डीएमने हो म्हटलं तर रोग क्लासला तिसऱ्या लेव्हलपासून मिळतो. बोनस अ‍ॅक्शन खर्च, त्या टर्नला हललेलं नको, आणि नंतर वेग शून्य. बूमिंग ब्लेडबरोबर तोही चालतो आणि सरासरी वीसच्या वर जाते, पण मग मागे सरता येत नाही. दोन्ही एका टर्नला मिळणार नाहीत. मी तुझ्याजागी असते तर शत्रूच्या सरदाराचा शेवटचा श्वास उरलाय असं दिसल्यावरच स्टेडी एम वापरला असता, एरवी डिसएंगेज.

तुझ्या स्पेलच्या यादीत एक पहिल्या लेव्हलचा स्पेल असा असतो की ज्याला एन्चान्टमेंट-इल्युजनचं (मोहिनी आणि भासाच्या जादूचं) बंधन नाही. तिथे फाइंड फॅमिलियर, म्हणजे सोबतीचा प्राणी बोलावायचा स्पेल, घेतलं नसशील तर पुढच्या लेव्हलला बदलून घेता येतं का बघ. घुबड घे. ते स्वतः हल्ला करू शकत नाही, पण हेल्प करू शकतं, आणि उडत आत जाऊन बाहेर पडताना त्याच्यावर संधीचा वार होत नाही. त्याच्या मदतीने तुझ्या पुढच्या एका हल्ल्याला अ‍ॅडव्हान्टेज, म्हणजे स्नीक अटॅकची अट पुरी, पॅलाडिन जवळ असो वा नसो. टाकायला एक तास लागतो, १० सोन्याच्या नाण्यांचं सामान लागतं, आणि तुझ्या क्लासला रिच्युअल (स्लॉट न खर्चता विधीने स्पेल टाकणं) नसल्याने स्लॉटही जातो. घुबड मेलं तर लढाईत परत येत नाही, म्हणून त्याला बाण मारणारे दिसले की आधी त्यांनाच टिप.

फायटरच्या पाच लेव्हलींचा विचार मात्र सोडून दे. एक्स्ट्रा अटॅक हा अटॅक अ‍ॅक्शन घेतल्यावरच मिळतो, आणि बूमिंग ब्लेडची अ‍ॅक्शन स्पेलची. इथे दादाचं म्हणणं शब्दशः खरं ठरतं. दोन्ही एकत्र येतच नाहीत. ताशाच्या पुस्तकातल्या ब्लेडसिंगर विझार्डला सहाव्या लेव्हलला तशी खास सवलत आहे, दोन वारांपैकी एकाऐवजी कँट्रिप, म्हणजे बूमिंग ब्लेडसारखा स्लॉट न लागणारा स्पेल. फायटरमधल्या एल्ड्रिच नाइटला सातव्या लेव्हलला कँट्रिपनंतर बोनस अ‍ॅक्शनचा एक वार मिळतो. तू मात्र पाच लेव्हली मोजून त्यातलं काहीच मिळवणार नाहीस, आणि तेवढ्या काळात सातव्या लेव्हलचा इव्हेजन (स्फोटासारख्या इजेतून निसटणं) आणि स्नीक अटॅकचे वाढते फासे हातचे जातील. स्नीक अटॅक तर टर्नला एकदाच, मग वार चार केलेस तरी काय?

'टर्नला एकदा' हे शब्द पुन्हा वाच. राऊंडला, म्हणजे सगळ्यांच्या टर्नच्या एका फेरीला, एकदा नाही. दुसऱ्याच्या टर्नमध्ये शत्रू तुझ्याजवळून पळाला आणि तू रिअ‍ॅक्शनवर संधीचा वार केलास, अटी जुळल्या, तर तिथे पुन्हा स्नीक अटॅक. यावर मला तुला खरी दिशा द्यायची आहे. आठव्या लेव्हलला वॉर कास्टर हे फीट (feat, खास कसब) घे. त्याने संधीच्या वाराऐवजी एकाच लक्ष्यावरचा स्पेल टाकता येतो. म्हणजे पळणाऱ्यावर बूमिंग ब्लेड, त्यावर स्नीक अटॅक, आणि तरीही तो पळत राहिला तर पावलावर पुन्हा आठाचे दोन. पाच फायटर लेव्हलींपेक्षा हे एक फीट तुला जास्त देईल. यासाठी तू शत्रूजवळ थांबायला हवंस, मागे सरलेल्याला संधीचा वार मिळत नाही, त्यामुळे दोन डावपेच आलटून पालटून वापरावे लागतील.

तुमच्यात एखादा वॉरलॉक, म्हणजे जादूगाराचा एक क्लास, असेल तर त्यालाही शस्त्र आणि स्पेल हा फरक सांग. एल्ड्रिच ब्लास्टच्या प्रत्येक किरणाला वेगळा विसाचा फासा, आणि हेक्स या शापाच्या स्पेलला कुठलाही हल्ला चालतो, म्हणून प्रत्येक लागलेल्या किरणावर सहाचा एक फासा जादा. हंटर्स मार्कला मात्र शस्त्राचा हल्ला लागतो, तो तिथे चालत नाही. आणि मॅजिक मिसाइलला फासाच टाकत नाहीत, ते आपोआप लागतं, म्हणून त्यावर यातलं काहीच बसत नाही.

राहिला दादा. रविवारी टेबलावर विषय काढू नकोस. सगळे बसलेले असताना धाकट्या भावाने पुस्तक पुढे सरकवलं की कुठलाही मोठा भाऊ आधी स्वतःची बाजू धरतो. शनिवारी संध्याकाळी त्याच्याकडे जा किंवा फोन कर. पहिलं वाक्य फायर बोल्टचं असू दे. 'दादा, मी दोन महिने फायर बोल्टवर स्नीक अटॅक लावत होतो, तो लागत नाही, आजपासून बंद.' स्वतःचे फासे परत देऊन मग दुसरे माग. त्यानंतर दोन पानं उघडून त्याच्या हातात दे, स्नीक अटॅकचं आणि बूमिंग ब्लेडचं, आणि गप्प बस. समजावू नकोस. तो वाचेल, 'वार करायचा' या शब्दांपाशी येईल.

वाचूनही तो नाही म्हणाला तर? डीएमला टेबलाचा नियम बदलायचा अधिकार आहे, पण मग तो नियम आहे असं सांगून बदलायला हवा. तेव्हा एवढंच विचार की बूमिंग ब्लेडऐवजी दुसरं कँट्रिप बदलून घेऊ का. त्या स्पेलवर तू लेव्हल तीनपासून पात्र उभं केलंयस, हे तोही मान्य करेल. आणि गेल्या रविवारचे तीन फासे परत मागू नकोस. तो शत्रू मेला असेल तर मेला, जगला असेल तर पुढच्या रविवारी समोर येईलच. शॉर्टबो घरी विसरू नकोस.